डायलर बदलला म्हणून अपडेटच बंद केले? आधी हे वाचा

अकोला/अमरावती : ऑगस्ट २०२५ मध्ये, ऐन पोळ्याच्या दिवसांत, अनेकांच्या फोनचा कॉल लावायचा स्क्रीन रातोरात बदलला. सकाळी फोन हातात घेतला तर आकडे मोठे अन् गोल झालेले, नावांची यादी जागेवर नाही, आलेला कॉल उचलायला बोट वर सरकवायचं की बाजूला हे कळेना. ‘काऊन गा, तुह्याही फोनचं असंच झालं काय?’ हाच विषय पारावर, पानठेल्यावर आणि एसटीत. कुणाला वाटलं पोट्ट्यानं काहीतरी दाबलं, कुणाला वाटलं फोन हॅक झाला. सरकार आता सगळ्यांचे कॉल ऐकणार, इथपर्यंत मेसेज फिरले.

तसं काहीच नव्हतं. गूगलने आपल्या ‘फोन’ नावाच्या ॲपचं रूप बदललं होतं. या नव्या रूपाची घोषणा कंपनीने मे २०२५ मध्येच केली होती, पण आपल्याकडे ती वाचतो कोण? रिअलमी, ओप्पो, वनप्लस, मोटोरोला, शाओमी यांच्या बऱ्याच फोनमध्ये कॉलसाठी हेच गूगलचं ॲप असतं. म्हणून कंपन्या वेगवेगळ्या असूनही बदल एकाच वेळी दिसला. सॅमसंगचा डायलर त्यांचा स्वतःचा, त्यामुळे ते लोक निवांत होते. बटणाचा फोन वापरणारे तर हसतच होते.

बदल नेमका काय झाला? आवडीचे नंबर आणि आलेले-गेलेले कॉल आधी वेगवेगळ्या ठिकाणी होते, ते ‘होम’ या एकाच पानावर आले. सगळ्या नावांची यादी वरच्या कोपऱ्यातल्या मेनूत गेली. एकाच माणसाचे पाच कॉल आधी एका ओळीत दिसायचे, आता पाच ओळी दिसू लागल्या. कॉल उचलायला बाजूला सरकवायचं किंवा नुसतं बोट टेकवायचं, असे दोन पर्याय आले.

शहरातल्या माणसाला यात काही मोठं वाटणार नाही. पण गावात कितीतरी म्हातारी माणसं अक्षर वाचून फोन चालवत नाहीत, जागा पाहून चालवतात. खालून दुसरं बटण, मग वरून तिसरं नाव म्हणजे मुंबईचा पोरगा, असं त्यांचं गणित. ते नाव हललं की फोन असूनही नसल्यासारखा. ज्यांना पोरांनी महिनाभर बसून कॉल उचलायला शिकवलं होतं, त्यांचं शिकणं एका रात्रीत वाया गेलं. तेव्हा लोक चिडले ते बरोबरच होतं. कोट्यवधी लोकांच्या हातातली वस्तू बदलताना आधी एकदा त्यांच्या भाषेत विचारायला काय हरकत होती?

जुना स्क्रीन परत आणायची युक्तीही लगेच गावोगावी पोहोचली. सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात ‘फोन’, वर तीन टिंबं आणि ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. ही युक्ती खरी आहे. नंबर किंवा फोटो त्याने जात नाहीत. मात्र काही दिवसांनी प्ले स्टोअर पुन्हा नवं रूप आणून ठेवतं. ते नको असेल तर प्ले स्टोअरमध्ये त्या एकाच ॲपच्या पानावर जाऊन तीन टिंबांतून ‘ऑटो अपडेट’ची खूण काढायची. नवं रूप चालतं पण कॉल उचलणं जमत नाही, अशांनी त्याच ॲपच्या सेटिंगमध्ये ‘इनकमिंग कॉल जेश्चर’ उघडून सोपा वाटेल तो पर्याय घ्यावा.

घोळ झाला तो याच्या पुढे. रागाच्या भरात कित्येकांनी सगळ्याच ॲपचे अपडेट बंद करून टाकले. काहींनी फोनचा सिस्टिम अपडेटही कायमचा टाळायला सुरुवात केली. ‘अपडेट केला की फोन बिघडते’ हे वाक्य तेव्हापासून पक्कं झालं. इथंच दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. ओसरीला न विचारता वेगळा रंग दिला तर राग येतोच, पण त्या रागात दाराचा नवा कोयंडा कोणी उपटून टाकत नाही.

कोयंडा कुठला?

पीएम किसानची यादी, आरटीओचं चालान, लग्नपत्रिका अशा नावाने व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाइल येते. नाव ओळखीचं, कधी पाठवणारा नंबरही ओळखीचा, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. फाइल उघडली की ॲप बसतं आणि एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराकडे. काही ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची परवानगी मागतात. ही सोय खरं तर अंध आणि अपंग लोकांसाठी आहे. तिच्यातून ॲपला समोरचा स्क्रीन दिसतो आणि तुमच्याऐवजी बटणंही दाबता येतात. कापूस, सोयाबीनचे पैसे ज्या खात्यात पडतात ते खातं याच फोनला जोडलेलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

हे थांबवायला अँड्रॉइडमध्ये गेल्या काही वर्षांत कुलपं वाढत गेली. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून, बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहज देता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने भारतात आणखी एक प्रयोग जाहीर केला. व्हॉट्सॲप, ब्राउझर किंवा फाइल मॅनेजरमधून बसवलं जाणारं ॲप जर एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी वापरणार असेल, तर ‘प्ले प्रोटेक्ट’ ते बसूच देत नाही. २०२५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १६ ने तर वेगळीच नस पकडली. अनोळखी माणसाशी कॉल चालू असताना प्ले प्रोटेक्ट बंद करता येत नाही आणि ॲक्सेसिबिलिटीही देता येत नाही. कारण चोर नेमकं तेच करतो. कॉल चालू ठेवून गोड बोलत एकेक बटण दाबायला लावतो.

यालाही लोक वैतागतात. कधी एखादं खरं ॲपही अडतं. मग ‘प्ले प्रोटेक्ट बंद कर, चालते’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला देणारा शेजारी असला तरी ऐकू नये. पीएम किसानचं ॲप असो की सीसीआयला कापूस विकण्याच्या नोंदणीचं ‘कपास किसान’, ते प्ले स्टोअरवर आहे. त्याच्यासाठी कोणाची फाइल लागत नाही.

हे सारखं विचारणं-अडवणं काही आजचं नाही. २००७ मध्ये कॉम्प्युटरसाठी विंडोज व्हिस्टा आली तेव्हा ती प्रत्येक कामाला ‘परवानगी देता का?’ विचारायची. लोक इतके कंटाळले की न वाचताच ‘हो’ दाबू लागले. शेवटी २००९ च्या विंडोज ७ मध्ये कंपनीला ते विचारणं कमी करावं लागलं. फोनमध्ये आता विचारण्याऐवजी सरळ अडवलं जातं, त्यामागचं एक कारण हेही म्हणता येईल.

पीक पाहणीत लोकेशन का येत नाही?

एका कुलपाचा त्रास मात्र शेतकऱ्याला थेट होतो. जे ॲप काही महिने उघडलं नाही, त्याच्या परवानग्या अँड्रॉइड आपोआप काढून घेतं. विसरलेल्या ॲपने गुपचूप लोकेशन वाचू नये म्हणून ही सोय. पण ई-पीक पाहणीचं ॲप आपण उघडतो हंगामाला एकदा. खरिपाची नोंद झाली की ते रब्बीपर्यंत झोपलेलं. तोवर लोकेशन आणि कॅमेऱ्याची परवानगी निघून गेलेली असते. शेतात उभं राहून माणूस सर्व्हरला शिव्या देतो. कधी सर्व्हरचाच दोष असतो हेही खरं, पण दरवेळी नाही.

दुसरी गोम अँड्रॉइड १२ पासूनची. लोकेशनची परवानगी देताना ‘प्रिसाइज’ आणि ‘अप्रॉक्झिमेट’ अशी दोन चित्रं येतात. दुसरं निवडलं तर फोन ॲपला अंदाजे परिसरच सांगतो, बांध काही कळत नाही. गट जुळत नाही तो इथंच. पीक पाहणीला ‘प्रिसाइज’च लागतं, आणि सोबत ‘ॲप वापरताना’ हा पर्याय पुरे. नेहमीसाठी द्यायची गरज नाही. चुकून नाकारलं असेल तर सेटिंग, ॲप्स, ई-पीक पाहणी, परवानग्या या वाटेने बदलता येतं. त्याच पानावर खाली, न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काढून घेणारं बटण असतं. ते फक्त या ॲपपुरतं बंद ठेवलं तर पुढच्या हंगामात हा ताप वाचतो. शेतात जायच्या आधी घरूनच हे पाहून घ्यावं. मेळघाटात किंवा नेटवर्क कमी असलेल्या शिवारात तर नक्कीच.

राहिला प्रश्न जुन्या फोनचा. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडलं की अँड्रॉइडचा आकडा आणि सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. स्वस्त फोनला कंपनी दोन-तीन वर्षांनी अपडेट देणं थांबवते. तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल तर तो फोन बोलायला, व्हिडिओ पाहायला ठेवावा, पण मोठं बँक खातं त्याला जोडू नये. घरातला सगळ्यात जुना फोन बहुतेक वेळा म्हाताऱ्या आई-बापाच्या हाती असतो आणि पेन्शनचं खातंही त्यालाच जोडलेलं असतं, तेवढं एकदा तपासावं.

एपीके फाइल चुकून उघडली गेलीच, तर आधी नेट बंद करावं. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवावं आणि लगेच १९३० वर कॉल करावा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही करता येते. त्यासाठी बँकेचा मेसेज, वेळ, रक्कम आणि ती फाइल ज्या नंबरवरून आली तो नंबर जवळ ठेवावा; फोन घाईघाईत रीसेट करून हे पुरावे पुसू नयेत.