सोमवारचा पाऊस

पावसाळ्यात तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्यास पाऊस धो धो कोसळत असतो, तेव्हा नीरेच्या काठी भोरला कधी कधी नुसती भुरभुर चालू असते. सह्याद्रीच्या माथ्याकडून पूर्वेस यावे, तसतसा पाऊस उणावत जातो.

समजा, वेल्ह्याकडील एक मुलगी पुण्यास संगणकशास्त्र शिकत आहे. रोजच्या पावसाच्या आकड्यांवरून आठवड्याची सरासरी काढणारा एक आज्ञाक्रम तिने रचला. अशा आज्ञाक्रमास प्रोग्राम म्हणतात. संगणकाने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे थांबावे, हे सारे त्यात लिहावे लागते. घरातील माणसास 'पाणी आण' म्हटले, की तो न सांगता भांडे घेऊन जातो. संगणकास भांडेही सांगावे लागते.

आठवड्यात काय शिकलो व कोठे अडलो, हे दर रविवारी वहीत टिपून ठेवण्याचा तिचा परिपाठ होता. पहिल्या आठवड्यात सोमवार कोरडा गेला होता. पुढील सहा दिवसांत १४, ९, २२, ३०, ६ आणि ३ मिलिमीटर पाऊस झाला. संगणकाने सरासरी सांगितली १२. ती अचूक होती. मुलीने वहीत लिहिले, "प्रोग्राम बरोबर चालतो."

दुसऱ्या रविवारी ती घरी आली होती. त्या आठवड्याचे आकडे होते ३५, २०, १८, २६, १२, २२ आणि ०. संगणकाने उत्तर दिले १४. शेजारी बसलेल्या आजोबांनी तोंडी बेरीज केली. ती भरली १३३. सातांनी भागून १९.

"आजोबा, यंत्र चुकत नसते," मुलगी म्हणाली.

"पाचांचा फरक आहे, पोरी. सात पाचे पस्तीस. मग तुझ्या यंत्राने सोमवारचा पाऊस कोठे सांडला?"

मुलगी चपापली. तिने प्रोग्राम पुन्हा वाचला, तेव्हा उलगडा झाला. संगणक आकडे एकापुढे एक कप्प्यांत ठेवतो आणि पुष्कळ संगणकीय भाषांत कप्प्यांची मोजणी ० पासून होते. सात दिवसांचे कप्पे म्हणजे ० ते ६. शेवटचा कप्पा ६ हे तिच्या ध्यानात राहिले. पण आरंभ मात्र तिने सवयीने १ पासून केला. सोमवारचा कप्पा कोणी उघडलाच नाही. पहिल्या आठवड्यात तो रिकामा असल्याने चूक झाकून गेली. यंत्र अडले नाही, कुरकुरले नाही. चुकीचे उत्तरही त्याने बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे दिले. अशा चुका सर्वांत फसव्या.

प्रोग्राममधील दोषास 'बग', म्हणजे किडा, असे म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या गणकयंत्रात खरोखरच एक पतंग सापडला. यंत्रावर काम करणाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने जपली आहे. यंत्रातील दोषास हे नाव देण्याची रीत मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे.

डोनाल्ड कनूथ हे या शास्त्रातील थोर पंडित. पुस्तकांच्या पानांवर अक्षरे सुबक जुळवणारा 'टेक' नावाचा प्रोग्राम रचताना, १९७८ पासून, त्यांनी आपल्या चुका एकेक करून नोंदवल्या. विसरलेल्या गोष्टी, लिहिण्यातील प्रमाद, ध्यानीमनी नसलेले प्रसंग असे त्यांचे प्रकारही पाडले. १९८९ साली त्यांनी ही यादी लेखासह प्रसिद्ध केली, तेव्हा तीत आठशेंहून अधिक नोंदी होत्या! एवढ्या मोठ्या माणसाने त्या लपवल्या असत्या, तर कोणास कळले असते?

मुलीपुढे वही उघडी होती. गेल्या रविवारचे पान फाडून टाकावे, असे क्षणभर तिच्या मनात आले. पान तिने तसेच राहू दिले. 'बरोबर चालतो' या शब्दांवर तिने एक रेघ ओढली आणि खाली लिहिले, "सोमवारी पाऊस नसला तरच."

मग तिने प्रोग्राममधील १ च्या जागी ० केला. या वेळी मात्र एका उत्तरावर ती विसंबली नाही. तिने फक्त सोमवारी ७ मिलिमीटर पाऊस आणि बाकी दिवस कोरडे, असे आकडे दिले. नंतर फक्त रविवारी ७ मिलिमीटर दिले. दोन्ही वेळा उत्तर १ आले. मग आजोबांनी या आठवड्याचे आकडे पुन्हा घालावयास सांगितले, आणि पडद्यावर १९ उमटले.