अतिदक्षता रुग्णशिक्षण

अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रुग्णास व त्याच्या कुटुंबियांस आजार, उपचार, यंत्रे आणि पुढील संभाव्य स्थिती यांची माहिती समजेल अशा भाषेत देणे व ती समजल्याची खात्री करून घेणे, यास अतिदक्षता रुग्णशिक्षण म्हणतात. कृत्रिम श्वसनाची तोंडावाटे घातलेली नळी स्वरतंतूंमधून जात असल्याने रुग्णाला बोलता येत नाही. गुंगीची औषधे व मुग्धभ्रम (तात्पुरती बुद्धिभ्रांती) यांमुळे आकलनही मंदावते. त्यामुळे उपचारांविषयीचे निर्णय बहुधा कुटुंबियांवर येऊन पडतात.

इतिहास : कोपनहेगन येथील १९५२ च्या पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांच्या पद्धतीनुसार श्वसनाघात झालेल्या रुग्णांना, हाताने पिशवी दाबून, दिवसरात्र श्वास पुरविण्यात आला. या अनुभवातून १९५३ च्या अखेरीस त्यांनी अतिदक्षता विभाग सुरू केला. पुढे असे विभाग सर्वत्र निघाले. मात्र त्यांत नातेवाइकांना दीर्घकाळ दाराबाहेरच थांबावे लागे. नॅन्सी मोल्टर यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आशा आहे असे वाटणे ही नातेवाइकांची सर्वांत मोठी गरज आढळली. प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळणे हीही प्रमुख गरजांपैकी एक होती. फ्रान्समधील २००० च्या अभ्यासात सुमारे निम्म्या कुटुंबांना निदान, उपचार किंवा संभाव्य परिणाम नीट समजलेला नव्हता. तेथेच २००२ मध्ये ३४ विभागांत केलेल्या चाचणीत, साधे माहितीपत्रक दिल्याने अपुऱ्या आकलनाचे प्रमाण ४०·९ टक्क्यांवरून ११·५ टक्क्यांवर आले.

पद्धती : धास्तावलेल्या माणसाच्या लक्षात एकदाच सांगितलेले फारसे राहत नाही. म्हणून माहिती थोडी थोडी व पुनःपुन्हा, शक्यतो एकाच डॉक्टरने, शांत जागी बसून द्यावी लागते. ‘समजले का?’ या प्रश्नास सहसा होकारच मिळतो; त्याऐवजी ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगण्यास सुचवितात. यंत्राचा प्रत्येक इशारा धोक्याचा नसतो, सुटलेल्या तारेमुळेही तो वाजतो, हे आधीच सांगितल्यास अकारण भीती टळते. रुग्ण गुंगीत असला, तरी प्रत्येक कृतीपूर्वी त्याला ती सांगतात. दिवस, वेळ व स्थळ यांची आठवण देतात. शुद्धीवर येताच पाटी, अक्षरफलक किंवा खुणा यांद्वारे संवाद साधतात. त्याचा चष्मा व श्रवणयंत्र आणणे, हात धुऊन जवळ बसणे, ओळखीच्या आवाजात बोलणे ही कामे कुटुंबियांस शिकविता येतात.

उत्तरकाल : बऱ्या झालेल्या अनेकांत स्नायूंची दुर्बलता, विस्मरण, चिंता व भयस्वप्ने दीर्घकाळ टिकतात. यास ‘अतिदक्षतोत्तर लक्षणसमूह’ म्हणतात. ही संज्ञा २०१२ पासून रूढ झाली असून कुटुंबियांचे मानसिक विकारही तीत अंतर्भूत आहेत. पूर्वकल्पना नसल्यास ही लक्षणे रुग्णाचा आळस किंवा वेड समजली जातात. म्हणून घरी जाण्यापूर्वी त्यांची माहिती देणे आवश्यक ठरते.

भारतातील स्थिती : भारतात निर्णय पुष्कळदा अनेक नातेवाईक मिळून घेतात व त्यांत खर्चाचाही प्रश्न असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देशांस मान्यता दिली व २०२३ मध्ये त्यांची कार्यपद्धती सोपी केली. मात्र श्वसनयंत्र चालू ठेवणे वा काढणे म्हणजे नेमके काय, हे समजले नसेल, तर कुटुंबियांची संमती केवळ सहीपुरती उरते. कुटुंबाच्या भाषेत दिलेले स्पष्टीकरण हा म्हणूनच उपचारांचाच एक भाग मानला पाहिजे.