मराठी ख्रिस्ती उपासना-संगीत

मराठी ख्रिस्ती उपासना-संगीत : मराठी चर्चमधील सामूहिक उपासनेत गायिली जाणारी भक्तिगीते व त्यांची गायनपद्धती. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे बहुधा मूळ चालींवरच बसविली. इंग्रजी पद्य आघातावर, तर मराठी पद्य अक्षरसंख्येवर वा मात्रांवर चालत असल्याने अशा गायनात ऱ्हस्व अक्षरे ताणली जात व शब्द ओळखू येईनासे होत. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग, ओव्या व पदे रचली आणि ही अडचण मुळातच दूर केली. उपासना संगीत ह्या संग्रहात त्यांची अनेक गीते आहेत.

गायकवृंदासाठी गीत निवडताना नाताळ, उपवासकाळ, प्रभुभोजन इ. प्रसंग पाहावा लागतो. पाश्चात्त्य चाल चार आवाजांत विभागता येते. अभंग तसा विभागल्यास रागाचे वळण झाकोळते. तेथे एकाने चरण म्हणावा व इतरांनी ध्रुपद उचलावे, ही भजनाचीच रीत शोभते. साथीला पेटी, तबला व झांजा पुरतात. पट्टी मात्र बेताची हवी. उंच पट्टीत गायकवृंद खुलतो, पण बाकांवरील मंडळी गप्प होते.