लग्न की तीळ?

संक्रांतीचं वाण लुटून झालं, तिळगुळाचे डबे रिकामे झाले, की आमच्या घरी तिळाची गडबड सुरू होते. मैत्रिणींनो, खाण्याची नव्हे, पेरण्याची! आमचं हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी. खाली पूर्णेच्या अंगाला खारपाणपट्टा, आमच्या विहिरीला मात्र गोडं पाणी. तरी सोयाबीन निघालं की एक एकर वावर रिकामंच राहायचं. दोन वर्षांपूर्वी मी ह्यांना म्हटलं, "यात मी उन्हाळी तीळ घेते." हे हसले. "घे, पण बियाण्याचे पैसे तुझे."

पूर्वी आमच्याकडे तीळ पऱ्हाटीत एखाद्या तासाला असायचा, घरच्यापुरता. एकरभर कुणी घेत नव्हतं. मी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं एकेटी-१०१ हे वाण निवडलं. पांढरा दाणा, ९०-९५ दिवसांत तयार. एकराला बी किती लागावं? जेमतेम दीड किलो! थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेरलं. एवढं बारीक बी चाळलेल्या शेणखतात मिसळून पेरायचं असतं. मी तसंच पेरलं आणि उगवलं ते दाटच दाट. सासूबाई धुऱ्यावरून ओरडल्या, "अवं, हे पीक व्हय का गवत? उपट त्यातले!" उगवलेलं रोप उपटायला हात धजेना. पण विरळणी केली नाही तर झाडाला फांद्याच फुटत नाहीत, हे नंतर कळलं.

खरी परीक्षा कापणीची. खालची बोंडं पिवळी पडली, पानं गळायला लागली की वरची हिरवी असतानाच तीळ कापावा लागतो. पहिल्या वर्षी नेमकं तेव्हाच नात्यातलं लग्न आलं. चार दिवसांनी परतलो, तर बोंडं तोंड उघडून उभी. काळ्या मातीवर पांढरा सडा आणि मुंग्यांची रांग. हाती आलं ते जेमतेम पोतंभर. त्या रात्री मी जेवले नाही.

गेल्या मे महिन्यात पुन्हा तेच! ह्यांच्या चुलतभावाच्या घरचं लग्न आणि तीळ कापणीला आलेला. वर आभाळही भरून येत होतं. मी म्हटलं, "तुम्ही जा, मी येत नाही." हे म्हणाले, "घरची सून नाही आली, तर लोक काय म्हणतील?" मी काही बोलायच्या आत सासूबाईच बोलल्या, "सांगजो तिथं, आमच्या तिळाचे दिवस भरले हायेत!"

पहाटेच्या गारव्यात आम्ही पाच बायकांनी कापणी केली. उन्हात बोंड तडकतं, म्हणून ऊन चढायच्या आत काम उरकलं. पेंढ्या बांधून ताडपत्रीवर उभ्या केल्या. कडेनं सासूबाईंनी आपली जुनी लुगडी अंथरली. पाच दिवसांनी पेंढ्या उलट्या धरून काठीनं हलकेच झटकल्या. लुगड्यावरचे दाणेसुद्धा त्यांनी वेचून घेतले. अडीच क्विंटल भरला.

बाजारात अडत्यानं ह्यांना विचारलं, "पट्टी कोणाच्या नावानं करू?" सातबारा ह्यांचा, मी गप्पच राहिले. ह्यांनी माझं नाव सांगितलं, आडनावासकट. त्या पैशातून मुलीच्या अकोल्याच्या होस्टेलची फी गेली.

लग्नघरचे अजून रुसलेलेच आहेत. या संक्रांतीला त्यांच्याकडे दोन किलो तीळ पाठवले. ठेवून घेतले, पण फोन काही आला नाही!