राजदूत म्हणजे थ्री-फिफ्टी नव्हे

जुन्या मोटारसायकलींच्या नादी लागलेल्या माणसांत ‘माझ्याकडे राजदूत आहे’ असं म्हणून पाहा. ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात आणि पुढचा प्रश्न येतो, ‘थ्री-फिफ्टी का?’ नाही, एकशे पंच्याहत्तर, असं सांगितलं की चमक विझते. ‘हां, म्हणजे दूधवाल्याची.’

यात अपमान करायचा कुणाचा हेतू नसतो. थ्री-फिफ्टी ही यामाहाची आरडी ३५०. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनं ती ‘राजदूत’ नावानं भारतात आणली, १९८९ पर्यंत बनवली, आणि तेवढ्या काळात ती खपली बेताचीच. महाग होती, पेट्रोल पीत होती. पण तिचा वेग दंतकथा झाला. आज तिच्या नुसत्या सांगाड्यालाही गिऱ्हाईक मिळतं. जिनं ‘राजदूत’ हे नाव वीस वर्षं आधीपासून रस्त्यावर चालवलं, ती १७५ मात्र आपल्याच नावाला पारखी झाली. मला विचाराल तर या देशाच्या दृष्टीनं मोठी गाडी तीच.

तिचं कूळ पोलंडचं. किएल्त्से या गावच्या कारखान्यात एसएचएल नावाच्या मोटारसायकली बनत. त्यांतलं एम-११ हे १७३ सीसीचं टू-स्ट्रोक मॉडेल एस्कॉर्ट्सनं परवान्यावर घेतलं आणि १९६२ च्या सुमारास फरिदाबादला त्याची बांधणी सुरू झाली. नंदा बंधूंची ही कंपनी, मूळची लाहोरची. ट्रॅक्टरसाठीही त्यांनी त्याच सुमारास पोलंडचीच उर्सुस कंपनी गाठली होती. म्हणजे शेत नांगरायचा ट्रॅक्टर आणि शेतावर जायची फटफटी, दोन्ही एकाच देशातून आली. कोल्हापूरकरांना यात आणखी एक गंमत दिसेल. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. त्यांचा आणि या गाडीचा संबंध काहीच नाही. तरी त्याच पंचक्रोशीत पुढं पोलिश वंशाच्या गाड्या दूध वाहू लागल्या, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

कारण गाडी आणि दूध दोन्ही एकाच वेळी वाढत होतं. कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ, म्हणजे ‘गोकुळ’, १९६३ चा. दुधाचा महापूर योजना १९७० ची. वाडीवरचं दूध पहाटे वेळेत डेअरीला पोचवायचं तर सायकल अपुरी आणि टेम्पो परवडत नाही. दोन बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन लावले की माणसाखेरीज ऐंशी किलोंहून जास्त ओझं झालं. शिवाय रस्ता म्हणजे उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात राड. इथं साडेसात-आठ अश्वशक्तीची, तीनच गिअरची ही गाडी कामाची ठरली, कारण तिची ओढ खालच्या फेऱ्यांवर होती. पळायचं म्हटलं की ती धापा टाके. पण चिखलातून कॅनसकट बाहेर पडायचं असेल तर क्लच हळू सोडायचा, अ‍ॅक्सिलरेटर बेताचा द्यायचा, बाकीचं ती बघून घेई.

तिच्या पुढच्या चाकाकडं नीट पाहिलं तर हा स्वभाव कळतो. आजच्या गाड्यांसारख्या दोन सरळ नळ्या तिथं नाहीत. चाक धरलं आहे ते मागं सांधलेल्या लांब आडव्या दांड्यांनी, आणि दोन्ही बाजूंना एकेक शॉक-अ‍ॅब्सॉर्बर. पुढचा ब्रेक जोरात दाबला की बाकीच्या गाड्या नाक खाली घालतात, ही उलट किंचित वर उठते. पहिल्यांदा चालवणारा दचकतो. पण खड्ड्याचा धक्का हा सांधा फार छान पचवतो. नंतरच्या ‘एक्सेल टी’ला सरळ नळ्यांचे फोर्क आले, गाडी नव्या जमान्याची दिसू लागली, आणि जुन्या मालकांच्या मते तिथंच तिचं रूप गेलं. मलाही तसंच वाटतं. साखळी पूर्ण पत्र्याच्या पेटीत झाकलेली असे, धूळ आणि शेण तिच्यापर्यंत पोचत नसे, हेही कुणा शहाण्यानं विचार करूनच केलेलं.

इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच वरखाली होताना उघडतो आणि झाकतो. बिघडण्याजोग्या वस्तू मोजक्या: प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर, फार तर रिंग. त्यामुळं तालुक्याच्या गावी झाडाखाली बसलेला मिस्त्रीही ती सोडवू शके. पॉइंटवरची काजळी पॉलिश पेपरनं घासायची. सायलेन्सर कार्बननं तुंबला की काढून शेकोटीत टाकायचा, लाल झाला की आपटून झाडायचा. पिस्टन घासला तर सिलिंडर लेथवर रिबोर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा, की गाडी पुन्हा काही वर्षं चालली. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून चालवणारे महाभाग होते, तेही तिनं सहन केलं. फक्त धूर वाढला.

एक चूक मात्र ती सोडत नाही. पेट्रोलमध्ये ऑइल घालायला विसरलात की पिस्टन धरलाच. म्हणून जुना राजदूतवाला पंपावर आधी ऑइल मापून ओतून घेतो, मग गाडी हलवून ढवळतो. घाट उतरतानाही त्याचा हात एका खास पद्धतीनं चालतो. करूळचा घाट अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून उतरलं तर पेट्रोल कमी जातं, त्याबरोबर ऑइलही, आणि फिरत राहणारं इंजिन कोरडं पडतं. म्हणून तो अधूनमधून क्लच दाबून एक हलकी रेस देतो. मागून येणाऱ्याला वाटतं, उगाच आवाज करतोय.

सिनेमानं तिच्याकडं पाहिलं नाही असं नाही. १९७३ च्या ‘बॉबी’त ऋषी कपूर ज्या बुटक्या गाडीवर बसला ती राजदूत जीटीएस, इंजिन हेच. धर्मेंद्रनं तिची जाहिरात केली. महेंद्रसिंग धोनीची पहिली गाडीही राजदूत. तरी रुबाब बुलेटचा आणि कॉलेजची पोरं येझदीची, ही वाटणी कायम राहिली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, आणि त्याच वर्षी एस्कॉर्ट्सनंच यामाहाची आरएक्स १०० आणली. एक पेट्रोल पुरवून वापरणारी, दुसरी वाऱ्यासारखी. १७५ ला त्यानंतर शहरात जागा उरली नाही. खेड्यात मात्र ती आणखी दीड-दोन दशकं टिकली, आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी संपली. पोलंडमधली तिची मूळ एम-११ तोवर कधीच बंद पडली होती.

आज ज्यांच्याकडं ती आहे त्यांतल्या अनेकांनी ती विकत घेतलेलीच नाही. वडिलांची होती, गोठ्याच्या पडवीत उभी होती, भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगितला आणि मन झालं नाही. मग सुट्या भागांचा शोध सुरू होतो. मूळ टाकी मिळते ती पोचे आलेली, स्पीडोमीटर मिळतो तो बंद, दिवा सहा व्होल्टचा, म्हणून अंधारात समोरच्यालाच आपली कीव येते. हे लोक भेटले की वेगाच्या गोष्टी निघत नाहीत. कुणाच्या गाडीनं किती पोती वाहिली, लग्नाच्या वरातीला नवरा-नवरी दोघं कशी बसली, कुणाची किती किकांत सुरू होते, असलं चालतं. किकांच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

२०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणं पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आणि व्हीए अक्षरांची वेगळी पाटी. पहिल्या पिढीतल्या राजदूत आता या वयात बसतात. पण ही पाटी लावली की गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल असल्या कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. आपलं राजदूतवालं मंडळ या तरतुदीकडं संशयानं पाहतं. आरटीओत खेटे घालून, पर्यावरण कर भरून ते साध्या पाटीचीच पुनर्नोंदणी करून घेतात. वैरणीचा भारा आणायला प्रदर्शनाची गाडी चालत नाही.