तीन टक्के, पण कशाचे?
मृग लागला आणि गोंदिया जिल्ह्यात पऱ्हे टाकायची घाई सुरू झाली, की कृषी सहायकांच्या तोंडी एक आकडा हमखास येतो: धानाच्या बियाण्याला तीन टक्के मिठाचं पाणी. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतून ढवळायचं, वर तरंगणारं पोचट आणि रोगट बी काढून टाकायचं, तळाचं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. एवढ्याशा कामाला टक्केवारीचं गणित कशाला, असं कोणी विचारेल. माप तर पाठच आहे. पण पाठ केलेलं माप एकाच बादलीपुरतं असतं. पंधरा लिटरच्या बादलीला ४५० ग्रॅम मीठ लागतं, हे निदान सुचतं तरी. फसगत होते ती मधेच भर घालताना. द्रावण निम्म्यावर आलं म्हणून पाच लिटर साधं पाणी ओतलं, तर मीठ उरतं १५० ग्रॅम आणि द्रावण दीड टक्क्यावर येतं. पाणी पुन्हा हलकं होतं आणि तरंगायला हवं ते काही बी चांगल्यासोबत तळाशी जाऊन बसतं. त्या पाच लिटरांबरोबर १५० ग्रॅम मीठही जायला हवं होतं.

रसायनशास्त्र शिकलेल्यांची हरकत वेगळी असते. मीठ आणि पाणी मिळून वजन होतं १० किलो ३०० ग्रॅम, म्हणजे वजनाने हे द्रावण २.९१ टक्केच. खरं आहे, परीक्षेत गुण जातील, बांधीत मात्र काही बिघडणार नाही. द्रावण कडक झालं की हाच फरक डोकं वर काढतो. जपानमध्ये योकोई तोकियोशी यांनी १८८२ मध्ये रुजवलेल्या पद्धतीत भाताचं बी १.१३ घनतेच्या मीठपाण्यात निवडतात. ते पाणी वजनाने सुमारे १८ टक्के, आकारमानाने २० टक्के, आणि शंभर भाग पाण्याला मीठ किती असं मोजलं तर साडेएकवीस. पाणी तेच, आकडे तीन. म्हणून टक्के सांगताना ते कशात मोजले, हेही सांगावं लागतं.

आणि कशाचे, हेही. घरी पाच टक्के निंबोळी अर्क करताना पाच किलो निंबोळ्यांची भरड भिजवून, गाळून १०० लिटर द्रावण करतात. दुकानातल्या कडुनिंबाच्या औषधावर १५०० पीपीएम लिहिलेलं असतं, म्हणजे अवघे ०.१५ टक्के. यावरून घरचा अर्क तेहतीस पट कडक ठरवणं चूक, कारण पाच हा आकडा अख्ख्या निंबोळीच्या वजनाचा आहे आणि ०.१५ हा त्यातल्या फक्त अॅझाडिरॅक्टिन या कीडनाशक घटकाचा. त्या बाटलीतलं ५० मिलिलिटर औषध घेऊन १० लिटर फवारा केला, की त्यात अॅझाडिरॅक्टिन राहतं साडेसात पीपीएम. घरच्या अर्कात ते किती, हे निंबोळी कशी सुकवली आणि किती जुनी, यावर ठरतं. पाच टक्क्यांवरून ते निघत नाही.