कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे ऐका

ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये ऐकता ऐकता अर्धं सुटलं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहूनही देतोय. आजचा विषय मोबाइलचा नाही, घरातल्या डेस्कटॉपचा आहे.

गोष्ट आमच्याच घरातली. बाबा सोसायटीचे खजिनदार. तीन वर्षांचा मेंटेनन्सचा हिशोब घरच्या पीसीवर, एक्सेलमध्ये. ऑडिट आठवड्यावर आलं आणि पीसीने नाटकं सुरू केली. बाबा आकडे टाकतायत, मध्येच निळा स्क्रीन चमकतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. दिवसातून चार-पाच वेळा! दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो न बघताच म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." बाबांचा चेहरा उतरला, कारण बॅकअप नव्हता. मी म्हटलं, "बाबा, आजची रात्र मला द्या."

आधी हे समजून घेऊ की असं होतं का. विंडोजला आत एखादी गंभीर चूक सापडली, की पुढे काम चालू ठेवल्यास डेटा बिघडू शकतो. म्हणून ती सगळं तिथेच थांबवते आणि निळ्या स्क्रीनवर चुकीचं नाव दाखवते. विंडोज ११च्या नव्या अपडेटमध्ये तो स्क्रीन काळा झालाय. या नावाला म्हणतात स्टॉप कोड. गंमत अशी, की लगेच रिस्टार्ट करायचं सेटिंग मुळातच चालू असतं. त्यामुळे कोड वाचायच्या आत स्क्रीन गायब!

म्हणून पहिलं काम: हे सेटिंग बंद करा. स्टार्टमध्ये 'अॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज' शोधा. 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या खालचं सेटिंग्ज उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची टिक काढा. आता निळा स्क्रीन जागेवर थांबेल. मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा.

दुसरं काम बॅकअप. मी हिशोबाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या आणि लॅपटॉपवर एकेक उघडून पाहिल्या. हे उघडून बघणं टाळू नका. रॅम खराब असेल तर कॉपी करतानाही फाइल बिघडू शकते, आणि ते आपल्याला ऑडिटच्या दिवशी कळतं.

आता कोडवरून अंदाज कसा बांधायचा?

एक: दरवेळी तोच कोड आणि सोबत 'डॉट सिस'ने संपणारं फाइलचं नाव दिसलं, तर संशय ड्रायव्हरवर. नुकतं काय टाकलं, काय अपडेट केलं ते आठवा आणि ते मागे घ्या.

दोन: दरवेळी वेगळाच कोड आला, तर आधी रॅम तपासा.

तीन: टिक काढूनही निळा स्क्रीन न येता मशीन झटकन बंद होऊन चालू झालं, तर उष्णता किंवा वीजपुरवठा. धुळीने भरलेला फॅन, थकलेला एसएमपीएस, सैल प्लग. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहते.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' दिसलं, तर लगेच नवा एसएमपीएस आणायला धावू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही.

आमच्याकडे तीन फोटोंत तीन वेगळे कोड आले, त्यातला एक 'मेमरी मॅनेजमेंट'. मग 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवलं. हे विंडोजमध्येच असतं, फुकट. त्यात हार्डवेअरची अडचण असल्याचा मेसेज आला. पीसी बंद केला, प्लग काढला, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. मग एका वेळी एकच पट्टी लावून, त्याच स्लॉटमध्ये, टेस्ट केली. पहिली पास, दुसरी नापास. नापास पट्टी बाहेर ठेवली. पीसी थोडा हळू झाला, पण रिस्टार्ट थांबले.

ऑडिट वेळेवर झालं. फॉरमॅट मारला असता तर हिशोब गेला असता आणि खराब पट्टी आतच राहिली असती, म्हणजे रिस्टार्टही चालूच!

एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली: एका वेळी एकच बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही.

तुमच्या घरचा पीसी आज ठणठणीत असला तरी, ती टिक आजच काढा आणि आई-बाबांच्या फाइल्सचा बॅकअप घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!